एस्टरमधला इलेक्ट्रोफिलिक कार्बन नेमका कोणता? नेहमी चुकणाऱ्या जागा आणि त्यांचा इलाज

‘दिलेल्या एस्टरमधले इलेक्ट्रोफिलिक कार्बन ओळखा’ हा प्रश्न दोन-तीन गुणांचा असतो, पण बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून नेट परीक्षेपर्यंत पाठ सोडत नाही. (इलेक्ट्रोफिलिक म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी स्वीकारणारा; ती जोडी घेऊन येतो तो न्यूक्लिओफाइल.) या प्रश्नात चूक दोन तऱ्हांनी होते. एक तर कार्बोनिल (ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेल्या) कार्बनभोवती गोल करून मोकळं व्हायचं, मग त्याच रेणूत दुसरी जागा उघड उघड समोर असली तरी. नाहीतर ऑक्सिजनच्या शेजारी दिसेल त्या प्रत्येक कार्बनवर डेल्टा प्लस (अंशतः धन भार) ठोकून द्यायचा. दोन्हींचं मूळ एकच आहे. सगळे धन भार शोधतात. येणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोडीला जागा कुठे मिळणार, हे विचारायचं राहून जातं.

म्हणून प्रत्येक कार्बनपाशी दोन गोष्टी तपासा. याचे इलेक्ट्रॉन कुणी ओढून घेतंय का? आणि न्यूक्लिओफाइलने इथे बंध जोडला, तर जुन्या बंधातले इलेक्ट्रॉन सुखाने कुठे जाऊन बसतील? कार्बनला पाच बंध करता येत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिल्याचं उत्तर ‘हो’ असूनही तो कार्बन बाद.

आधी इथाइल अ‍ॅसिटेटवर हात बसवा

कोल्हापूरच्या आसपास साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, त्यामुळे इथेनॉल हे इथलंच रसायन. त्याचा अ‍ॅसेटिक आम्लाशी होणारा एस्टर म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट: सीएच३–सीओ–ओ–सीएच२–सीएच३. डावीकडून कार्बनना १ ते ४ क्रमांक द्या.

कार्बन १, म्हणजे कार्बोनिलच्या शेजारचा मिथाइल. ऑक्सिजनशी थेट बंध नाही. इथे न्यूक्लिओफाइल आला तर बाहेर कोण पडणार? हायड्रोजन हायड्राइड (ऋण हायड्रोजन) होऊन जात नाही, कार्बन-कार्बन बंधही असा तुटत नाही. म्हणजे बाद. या कार्बनचं काम नेमकं उलटं आहे. त्याचे हायड्रोजन आम्लधर्मी आहेत, पीकेए (आकडा जितका कमी तितकं आम्ल जोरदार) सुमारे २५. पुरेसा जोरदार बेस मिळाला की हाच कार्बन न्यूक्लिओफाइल होतो.

कार्बन २, कार्बोनिल. दोन ऑक्सिजन त्याला ओढतात आणि तो एसपी२ आहे, म्हणजे सपाट. वरून-खालून वाट मोकळी. रिकामं पाय-स्टार ऑर्बिटल कार्बनच्या बाजूला मोठं असतं. न्यूक्लिओफाइल साधारण १०७ अंशांच्या कोनात, थोडा मागून आल्यासारखा येतो आणि पाय बंधातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर जाऊन बसतात. पहिल्या पायरीला कुणालाही रेणू सोडून जावं लागत नाही. या कार्बनचं खरं बळ इथे आहे.

कार्बन ३, ऑक्सिजनला एकेरी बंधाने जोडलेला सीएच२. डेल्टा प्लस खरा आहे. ऑक्सिजनची विद्युतऋणता ३.४४, कार्बनची २.५५. जागाही आहे, पण महाग. सिग्मा बंध तुटून अख्खा अ‍ॅसिटेट निघून गेला तरच इथे काम होतं. म्हणून हा दुय्यम.

कार्बन ४ ला ना ओढणारा कुणी, ना सोडून जाणारा कुणी.

प्रश्नात परिस्थिती दिली नसेल तर उत्तर एकच लिहा: कार्बन २. ‘सगळे इलेक्ट्रोफिलिक कार्बन’ असं विचारलं असेल तर ३ लिहा, पण पुढे ‘दुय्यम, एसएन२ परिस्थितीत’ एवढी पुस्ती जोडा (एसएन२ म्हणजे न्यूक्लिओफाइल मागून येतो आणि त्याच दमात जुना गट निघून जातो). तिच्यावाचून परीक्षकाला वाटतं की तुम्ही अंदाजाने दोन गोल केलेत.

‘ओ-सीएच२ पण डेल्टा प्लसच आहे, मग हायड्रॉक्साइड तिथे का जात नाही?’

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. उत्पादनं पाहून उत्तर सापडत नाही, कारण हायड्रॉक्साइड कार्बन २ वर गेला काय किंवा ३ वर गेला काय, शेवटी अ‍ॅसिटेट आणि इथेनॉलच मिळतात. उत्तर दिलं ऑक्सिजन-१८ ने. पोलान्यी आणि साबो यांनी १९३४ मध्ये अमाइल अ‍ॅसिटेटचं अल्कलीत जलअपघटन केलं, पाण्यात जड ऑक्सिजन घालून. हायड्रॉक्साइडने अल्किल कार्बनवर हल्ला केला असता, तर जड ऑक्सिजन अल्कोहोलमध्ये सापडला असता. तो अल्कोहोलमध्ये नव्हता. म्हणजे बंध तुटतो तो कार्बोनिल कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या मधला. १९५१ मध्ये मायरन बेंडर यांनी कार्बोनिल ऑक्सिजनच जड असलेले बेंझोएट एस्टर घेतले, जलअपघटन अर्ध्यावर थांबवलं आणि उरलेला एस्टर परत काढला. त्याच्यातला काही जड ऑक्सिजन निघून गेला होता. मधे चार बंधांचा टेट्राहेड्रल टप्पा तयार होतो आणि तो माघारीही फिरतो, याचा हा पुरावा.

(अमाइल अ‍ॅसिटेटचा भाऊबंद आयसोअमाइल अ‍ॅसिटेट म्हणजे केळ्याचा वास. त्याला लागणारं आयसोअमाइल अल्कोहोल मळीच्या डिस्टिलरीत फ्युजेल ऑइलमधून मिळतं. तोंडी परीक्षेत उपयोगी पडणारी माहिती.)

आता या नियमाला छेद देणाऱ्या दोन जागा, ज्या पाठच पाहिजेत.

पहिली, मिथाइल एस्टर आणि मऊ न्यूक्लिओफाइल. लिथियम आयोडाइड घेऊन मिथाइल एस्टर पिरिडीन किंवा ल्युटिडीनमध्ये उकळला, तर आयोडाइड मिथाइल कार्बनवर मागून येतो आणि कार्बोक्झिलेट निघून जातो. आयोडाइड कार्बोनिलवरही जाऊ शकतो, पण गेला तरी उपयोग नाही. टेट्राहेड्रल टप्प्यातून तोच सगळ्यात आधी बाहेर फेकला जातो. मिथाइलवरची वाट मात्र एकदा गेली की परत फिरत नाही. थायोलेटचंही (गंधकाचा ऋण आयन) हेच. इथाइलवर ही क्रिया मंद, आयसोप्रोपाइलवर जवळजवळ नाही, कारण एसएन२ ला गर्दी चालत नाही.

दुसरी, टर्शरी ब्युटाइल एस्टर आणि आम्ल. ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्लात खोलीच्या तापमानालाच ऑक्सिजन–टर्शरी कार्बन बंध आपणहून तुटतो, कार्बोकॅटायन (धन भाराचा कार्बन) होतो आणि आयसोब्युटिलीन वायू निघतो. इथे इलेक्ट्रोफिलिक कार्बन अल्किल बाजूचा आहे, कार्बोनिल नुसता बघत बसतो. हाच एस्टर अल्कलीत टाकला तर कार्बोनिलवरचीच क्रिया, आणि तीही रडतखडत.

थोडक्यात, कार्बन ३ सारख्या जागेला मत देण्याआधी न्यूक्लिओफाइल कोण आणि माध्यम कोणतं, हे प्रश्नात शोधा.

लक्षण: सूत्र वाचतानाच कार्बोनिल चुकीच्या बाजूला जातो

ज्यांना संकल्पना येते त्यांचेही गुण इथे जातात. ‘सीएच३सीओओसी६एच५’ आणि ‘सी६एच५सीओओसीएच३’ ही दोन सूत्रं शेजारी ठेवा. पहिला फिनाइल अ‍ॅसिटेट, दुसरा मिथाइल बेंझोएट. दोघांचं रेणुसूत्र सी८एच८ओ२, रेणुभार १३६. उत्कलनबिंदूही खेटून: १९६ आणि १९९ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे उकळबिंदू काढून भांडण मिटत नाही.

वाचायची पद्धत अशी. ‘सीओओ’ दिसलं की त्यातला ‘सी’ डावीकडच्या गटाचा, दुसरा ‘ओ’ उजवीकडच्या गटाचा. ‘ओसीओ’ दिसलं, उदाहरणार्थ सी६एच५ओसीओसीएच३, तर ‘सी’ उजवीकडच्या गटाचा. मधल्या ‘सी’खाली रेघ ओढा, त्याला दुहेरी बंधाचा ऑक्सिजन वर काढून द्या, मगच पुढे जा. पाच सेकंदांचं काम आहे.

फिनाइल अ‍ॅसिटेटमध्ये दुसरा सापळा म्हणजे ऑक्सिजनला जोडलेला बेंझिनचा कार्बन. तोही डेल्टा प्लस आहे, पण एसपी२ आहे. मागून यायला वाट नाही, कारण मागे आख्खं वलय आहे. साध्या परिस्थितीत तो इलेक्ट्रोफिलिक म्हणून दाखवायचा नाही. व्हायनाइल अ‍ॅसिटेटच्या ऑक्सिजनजवळच्या कार्बनलाही हाच न्याय.

बाटलीवरचं लेबल गेलं असेल आणि या दोघांतला कोणता हे ठरवायचं असेल, तर आयआरमध्ये (अवरक्त वर्णपट) कार्बोनिल बघा: फिनाइल अ‍ॅसिटेट १७६५-१७७० सेंमी⁻¹, मिथाइल बेंझोएट १७२५ च्या आसपास. प्रोटॉन एनएमआरमध्ये (चुंबकीय वर्णपट) मिथाइल अनुक्रमे २.३ आणि ३.९ पीपीएमला. यंत्र नसेल तर १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रिफ्लक्स करून (वाफ थंड होऊन परत पडेल असं उकळून), थंड करून, हायड्रोक्लोरिक आम्लाने आम्लधर्मी करा. मिथाइल बेंझोएट असेल तर पांढरं बेंझोइक आम्ल खाली बसतं. गाळून, गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक करून वितळबिंदू १२१-१२२ अंश येतो. फिनाइल अ‍ॅसिटेट असेल तर फिनॉलचा वास येतो आणि द्रावण उदासीन करून फेरिक क्लोराइड टाकल्यावर जांभळा रंग.

फिनाइल अ‍ॅसिटेट अल्कलीत लवकर फुटतो. फिनॉलचा पीकेए १०, मिथेनॉलचा १५.५, फिनॉक्साइडला निघून जाणं सोपं. शिवाय फिनाइल गट ऑक्सिजनची लोन पेअर (बंधात न अडकलेली इलेक्ट्रॉनची जोडी) स्वतःकडे ओढतो, त्यामुळे कार्बोनिलला मिळणारा आधार कमी होतो. आयआरमधला तो १७६५ चा आकडा हेच सांगतो.

लक्षण: अ‍ॅक्रिलेट किंवा सिनामेट आला की बीटा कार्बन निसटतो

कार्बन-कार्बन दुहेरी बंध नुसता असेल तर तो इलेक्ट्रॉन देणारा. पण तोच कार्बोनिलला खेटून असेल तर गणित फिरतं. बाण काढून बघा: कार्बोनिलचे पाय इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर ढकला, मग रिकाम्या झालेल्या कार्बनकडे शेजारचा दुहेरी बंध सरकवा. धन भार बीटा कार्बनवर (कार्बोनिलपासून दुसऱ्या) येऊन थांबतो. अल्फावर (लगेच शेजारच्या) तो कधीच येत नाही. इथाइल सिनामेटच्या कार्बन-१३ एनएमआरमध्ये बीटा कार्बन १४४-१४५ पीपीएमला आणि अल्फा ११८ ला दिसतो. एकाच दुहेरी बंधाच्या दोन टोकांत एवढा फरक आहे.

म्हणून अशा एस्टरमध्ये दोन गोल: कार्बोनिल आणि बीटा. न्यूक्लिओफाइल दिला असेल तर निवड करा. अमाइन, थायॉल, मॅलोनेटचा एनोलेट (अल्फावरचा प्रोटॉन गमावून न्यूक्लिओफाइल झालेला आयन), क्युप्रेट (तांब्याचं अभिकर्मक) बीटावर. ऑर्गॅनोलिथियम आणि लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड मुख्यतः कार्बोनिलवर. मिथाइल अ‍ॅक्रिलेटमध्ये अमाइन टाकून ‘अमाइड तयार होतं’ असं लिहिणारे पुष्कळ. खोलीच्या तापमानाला आधी बीटावरच जोड होते.

इथे खोटा बीटाही असतो. सीएच२=सीएच–सीएच२–सीओओसीएच३ मध्ये दुहेरी बंध एक कार्बन लांब आहे, मधे सीएच२ आडवा. बाण कार्बोनिलपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे या रेणूत कार्बोनिल एवढाच मुख्य. ऑक्सिजनच्या बाजूला असलेला दुहेरी बंधही, जसा अलाइल अ‍ॅसिटेटमध्ये, कार्बोनिलशी जुळलेला नसतो. मात्र पॅलॅडियम उत्प्रेरक दिला असेल तर वेगळी गोष्ट: अ‍ॅसिटेट निघून जातो आणि अलाइल गटाची दोन्ही टोकं इलेक्ट्रोफिलिक होतात.

बीटा कार्बन किती भुकेला असू शकतो याची टोकाची पायरी म्हणजे क्षणात चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गम. त्याच्या एका कार्बनवर सायनो आणि एस्टर दोन्ही. दुसऱ्या सीएच२ ला हवेतल्या ओलाव्याएवढा दुबळा न्यूक्लिओफाइलसुद्धा पुरतो, आणि साखळी सुरू होते.

अल्फा कार्बन: एरवी नाही, हॅलोजन आला की हो

इथाइल ब्रोमोअ‍ॅसिटेटमध्ये अल्फा कार्बनवर ब्रोमाइड आहे, म्हणजे सोडून जाणारा सापडला. शेजारचा कार्बोनिल एसएन२ च्या संक्रमण अवस्थेला आधार देतो, त्यामुळे ही जागा साध्या अल्किल ब्रोमाइडपेक्षा कितीतरी तेज. थायोलेट, अमाइन, फिनॉक्साइड इथेच येतात. हा पदार्थ डोळ्यांना झोंबतो, अश्रुधूर जातीचा. फ्युम हुडबाहेर बाटली उघडू नका.

त्याच रेणूत जस्त घातलं, म्हणजे रिफॉरमॅट्स्की क्रिया केली, की अल्फा कार्बन न्यूक्लिओफाइल होतो. प्रश्नात ‘झेडएन’ दिसल्यावरही अल्फावर डेल्टा प्लस दाखवणं ही चूक सरावलेल्या मुलांकडूनही होते.

बीटा-कीटो एस्टर: दोन कार्बोनिल, मग आधी कोणता?

इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटमध्ये कीटोनचा कार्बोनिल जास्त इलेक्ट्रोफिलिक. एस्टरच्या कार्बोनिलला शेजारच्या ऑक्सिजनची लोन पेअर मिळते, कीटोनला ती सोय नाही. म्हणून सोडियम बोरोहायड्राइड कीटोनचं अल्कोहोल करतो आणि एस्टर बहुतांशी तसाच राहतो. ग्रिग्नार्डला (मॅग्नेशियमचं कार्बनी अभिकर्मक) मात्र दोन्हींपैकी काहीच आधी मिळत नाही. मधल्या सीएच२ चा पीकेए ११ आहे, तिथला प्रोटॉन काढण्यातच ग्रिग्नार्ड खर्ची पडतो. रेणूत सक्रिय हायड्रोजन आहे का, हे इलेक्ट्रोफिलिक कार्बन शोधण्याच्या आधी बघायचं ते यासाठी.

साध्या एस्टरवर ग्रिग्नार्ड एक मोल घातला तरी कीटोनपाशी थांबत नाही, त्याचंही कारण हेच. पहिल्या हल्ल्यात तयार झालेला कीटोन मूळ एस्टरपेक्षा जास्त इलेक्ट्रोफिलिक असतो, त्यामुळे पुढचा ग्रिग्नार्ड तोच आधी पळवतो. दोन मोल मोजा आणि टर्शरी अल्कोहोल लिहा. फॉर्मेट एस्टर असेल तर सेकंडरी.

‘एनएमआरमध्ये पीपीएम जास्त, म्हणजे इलेक्ट्रोफिलिक जास्त’ हा गैरसमज

कार्बन-१३ मध्ये अ‍ॅसिटाइल क्लोराइडचा कार्बोनिल १७० पीपीएमला येतो. इथाइल अ‍ॅसिटेटचा १७१ ला. डायमिथाइल अ‍ॅसिटामाइडचा पुन्हा १७० च्या आसपास. तिघांपैकी पहिला पाण्याशी धुसफुसत फुटतो, तिसरा तासन्‌तास उकळला तरी हलत नाही. ब्रोमोअ‍ॅसिटेटचा तो तेज अल्फा कार्बन तर २६ पीपीएमला बसलेला असतो. पीपीएमवरून कार्बोनिल आहे की ओ-सीएच२ (६० च्या आसपास) एवढं ठरवा. कोण जास्त भुकेला, हे ठरवू नका.

त्यापेक्षा आयआर बरा: याच तिघांचे आकडे साधारण १८००, १७४० आणि १६५०. शेजारचा अणू लोन पेअर जितकी कमी देतो तितका कार्बोनिल बंध ताठ आणि कार्बन जास्त उघडा. हेही एकाच कुटुंबात तुलना करतानाच वापरा. कीटोन १७१५ ला येतो, एस्टरच्या खाली, तरी इलेक्ट्रोफिलिक जास्त आहे. एस्टरमध्ये ऑक्सिजनची ओढ बंध ताठ करते आणि त्याचीच लोन पेअर कार्बनला सांभाळते. आयआरला ओढ जास्त दिसते, न्यूक्लिओफाइलला लोन पेअर.

बेंझोएट एस्टरांमध्ये तुलना करायची असेल तर हॅमेट समीकरण वापरा: वेगांच्या गुणोत्तराचा लॉग = ऱ्हो (क्रियेचा आकडा) × सिग्मा (वलयावरच्या गटाचा आकडा). अल्कलीतल्या जलअपघटनासाठी ऱ्हो सुमारे +२.५. पॅरा नायट्रोचा सिग्मा ०.७८, म्हणजे घातांक १.९५, वेग जवळजवळ ९० पट. पॅरा मिथॉक्सीचा सिग्मा उणे ०.२७, वेग पाचव्या हिश्श्यावर. क्रम लावायचा प्रश्न आला की एवढा हिशोब पुरतो.

प्रयोगशाळेतली तक्रार: हायड्रॉक्झामेट चाचणीत रंगच येत नाही (किंवा आधीच येतो)

कार्बोनिल कार्बन इलेक्ट्रोफिलिक असल्याचं डोळ्यांनी दाखवणारी चाचणी ही. हायड्रॉक्सिलअमाइनचा नायट्रोजन त्या कार्बनवर येतो, अल्कोहोल निघून जातं, हायड्रॉक्झामिक आम्ल बनतं आणि फेरिक आयनबरोबर गडद जांभळा-किरमिजी रंग देतं.

प्रमाण: ९५ टक्के इथेनॉलमधलं ०.५ मोलार हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड १ मिली (१०० मिलीला ३.५ ग्रॅम), ६ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड ०.२ मिली, एस्टर एक-दोन थेंब किंवा ४०-५० मिलिग्रॅम. उकळी येईपर्यंत तापवा, किंचित थंड करा, १ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल २ मिली घाला. गढूळ झालं तर थोडं इथेनॉल. मग ५ टक्के फेरिक क्लोराइडचा एक थेंब; रंग येऊन गेला तर आणखी एक-दोन थेंब.

कुठे बिघडतं? अल्कली कमी पडली की हायड्रोक्लोराइड तसाच राहतो, नायट्रोजनची लोन पेअर प्रोटॉनने अडवलेली असते आणि न्यूक्लिओफाइलच उरत नाही. हिशोब करा: १ मिलीत ०.५ मिलिमोल हायड्रोक्लोराइड, ०.२ मिलीत १.२ मिलिमोल अल्कली. निम्मी अल्कली टाकली तर जेमतेम पुरते. दुसऱ्या टोकाला आम्ल कमी पडलं, तर फेरिक हायड्रॉक्साइडचा तपकिरी गाळ येतो आणि रंग त्यात बुडतो. २ मिली आम्लात २ मिलिमोल आहेत, उरलेली अल्कली संपवून वर पुरतात; ‘अंदाजे’ घातलं की गाळ ठरलेला.

रंग आधीच येण्याची तक्रार बहुतेक वेळा मिथाइल सॅलिसिलेटच्या वेळी असते. त्यात फिनॉलिक ओएच आहे, फेरिक क्लोराइडला तो थेट जांभळा देतो. इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटही एनॉलमुळे (कार्बोनिलचं ओएच असलेलं रूप) तेच करतो. म्हणून कोरी तपासणी आधी: पदार्थ, १ मिली इथेनॉल, १ मिली आम्ल, एक थेंब फेरिक क्लोराइड. पिवळंच राहिलं तर पुढे जा. रंग आला तर ही चाचणी त्या पदार्थापुरती निकामी. जलअपघटन करून आम्ल आणि अल्कोहोल वेगळं ओळखा.

कार्बोक्झिलिक आम्ल या परिस्थितीत रंग देत नाही. अल्कलीत ते कार्बोक्झिलेट होतं, ऋण भार दोन्ही ऑक्सिजनवर वाटलेला, आणि कार्बन पूर्ण झाकलेला. अ‍ॅस्पिरिनमध्ये इलेक्ट्रोफिलिक कार्बन विचारला तरी हेच लागू: उदासीन रेणूत दोन कार्बोनिल, पण अल्कली आली की फक्त अ‍ॅसिटाइलचा उरतो.

पावसाळ्यातला क्लेझन

जून ते सप्टेंबरमध्ये आपल्याकडच्या दमट हवेत सोडियम इथॉक्साइडची बाटली दोन-चार वेळा उघडली की क्लेझन (एका एस्टरचा एनोलेट दुसऱ्या एस्टरच्या कार्बोनिलवर जाऊन बीटा-कीटो एस्टर देतो ती क्रिया) फसतो. तक्रार नेहमी अशी असते: ‘एनोलेट होतो, मग दुसऱ्या एस्टरवर का जात नाही?’ कारण ओलाव्यामुळे इथॉक्साइडचा काही भाग सोडियम हायड्रॉक्साइड झालेला असतो. तोही त्याच कार्बोनिल कार्बनवर जातो, फरक एवढाच की त्याच्या हल्ल्यातून कार्बोक्झिलेट बनतं आणि तिथून परत वाट नाही. इथॉक्साइडने त्याच कार्बनवर हल्ला केला तर इथाइलच्या जागी इथाइल, काहीच बिघडत नाही. म्हणूनच एस्टर इथाइल असेल तर बेस इथॉक्साइड, मिथाइल असेल तर मिथॉक्साइड. उलटसुलट केलं तर एस्टरांची खिचडी होते.

इथॉक्साइड ताजं करा: सोडियम कोरड्या इथेनॉलमध्ये, वर कॅल्शियम क्लोराइडची नळी. बेस पूर्ण एक मोल घ्या, उत्प्रेरकाएवढा नाही. इथेनॉलचा पीकेए १६ आणि एस्टरचा २५, म्हणजे एनोलेट फारच थोडा बनतो. सगळी क्रिया पुढे ओढते ती शेवटची पायरी, ११ पीकेएच्या बीटा-कीटो एस्टरचा प्रोटॉन निघण्याची. इथाइल आयसोब्युटिरेटला हा शेवटचा प्रोटॉनच नसतो, त्यामुळे इथॉक्साइडने क्लेझन जमत नाही. तिथे इलेक्ट्रोफिलिक कार्बनचा दोष काढू नका.

कार्बन बरोबर ओळखला, तरी क्रिया होत नाही

मिथाइल २,४,६-ट्रायमिथाइलबेंझोएट घ्या. कार्बोनिल कार्बन इलेक्ट्रोफिलिक आहेच. पण दोन्ही ऑर्थो (शेजारच्या जागांवरच्या) मिथाइलमुळे एस्टरचा गट वलयाच्या पातळीतून वळलेला असतो आणि न्यूक्लिओफाइलची वरची-खालची वाट नेमकी तिथे अडते. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर दुकान उघडं असावं आणि दारात दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या असाव्यात, तसं. अल्कलीत तासन्‌तास रिफ्लक्स करून एस्टर जसाच्या तसा परत मिळतो. उपाय दोन: संहत सल्फ्युरिक आम्लात विरघळवून बर्फावर ओता, मधे असायलियम आयन (आर–सीओ⁺) होतो आणि तो सरळ रेषेत असल्याने पाण्याला वाट मिळते, किंवा वर सांगितलेला लिथियम आयोडाइड, जो कार्बोनिलकडे न जाता मिथाइल कार्बनच उचलतो.

‘एस्टर’ म्हटलं की कार्बोनिल, असं नेहमी नसतं

मिथाइल टोसिलेट हाही एस्टर, सल्फोनिक आम्लाचा. त्यात कार्बोनिल नाहीच. इलेक्ट्रोफिलिक कार्बन म्हणजे तो मिथाइल, आणि टोसिलेट निघून जायला तयार बसलेला. नवशिके इथे गंधकाभोवती गोल करतात, पण प्रश्न कार्बनचा असतो.

डायमिथाइल कार्बोनेटमध्ये दोन्ही जागा खऱ्या: ९० अंशांच्या आसपास न्यूक्लिओफाइल कार्बोनिलवर जातो, १६० च्या वर तापवलं की मिथाइलवर. प्रश्नात तापमान दिलं असेल तर ते उगीच दिलेलं नसतं.

बीटा-प्रोपिओलॅक्टोन चार अणूंचं ताणलेलं वलय. तीव्र अल्कली कार्बोनिलवर जाते, पण अ‍ॅसिटेटसारखे सौम्य न्यूक्लिओफाइल आणि उदासीन पाणी ऑक्सिजनजवळच्या बीटा सीएच२ वर येतात, कारण वलय उघडल्यावर ताण सुटतो आणि कार्बोक्झिलेट मोकळा होतो. लशीसाठी विषाणू निष्क्रिय करायला हे रसायन वापरतात ते याच भुकेल्या कार्बनमुळे. नळीत घेणार असाल तर हातमोजे दुहेरी घाला आणि उरलेलं रसायन सिंकमध्ये ओतू नका. ते कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत गणलं जातं.